न सांगितलेली शिकार

जोसाया नीपॉश शिकारीहून परतला की "काय मिळालं?" असं गावात कुणी विचारत नसे. मूस हरीण आपण होऊन शिकाऱ्याला देह देतं. त्याची फुशारकी मारली, की पुढच्या खेपेला ते तोंड फिरवतं. हा कॅनडातल्या क्री आदिवासींचा कायदा, कुठल्याही कागदापेक्षा जुना. शिकाऱ्यानं दाराशी पिशवी टाकायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. पिशवी उघडायचा मान बायकोचा. हॅटीनं तो पन्नास वर्षं मिरवला. "आज नुसत्या पाऊलखुणा," असं जोसाया म्हणाला, की ती मोठं पातेलंच चुलीवर चढवायची.

या हिवाळ्यात हॅटीनं अंथरूण धरलं. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकून तिला घरी धाडली. तीन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. "मूसच्या नाकाचं कालवण असेल तर खाईन," एवढंच ती म्हणाली. सत्तरी ओलांडलेला जोसाया बंदूक घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी मूस मिळालं. त्याच्या गळ्याखालची लोंबती झालर त्यानं रीतीप्रमाणे झाडाला बांधली, नाक पिशवीत घातलं, मांस गाडीत ताडपत्रीखाली रचलं. मोठ्या रस्त्यावर वनखात्याच्या तरण्या साहेबानं गाडी अडवली.

"काय आजोबा, मिळालं का काही?"

"कुठलं काय! नुसत्या पाऊलखुणा." जन्माची सवय, दुसरं काही तोंडातून निघेना.

साहेबानं ताडपत्री उचलली.

सरकारनं क्री लोकांशी केलेल्या जुन्या करारानं जोसायाला शिकारीचा हक्क होता. 'हो' म्हटलं असतं तर साहेबानं हात हलवून जाऊ दिलं असतं.

"साहेब, आम्ही सांगत नसतो."

"ते दिसतंच आहे."

मागच्या गाडीतली बाई काच खाली करून म्हणाली, "हे लोक असेच. जंगल संपवतील!" तिच्या गाडीच्या टपावर, परवाना विकत घेऊन मारलेल्या मूसची शिंगं बांधलेली होती.

"नाक तेवढं राहू द्या. बायको आजारी आहे."

"मघाशी पाऊलखुणा होत्या, आता बायको आजारी!"

खोटं सांगितलं म्हणून सगळं जप्त झालं. रिकामी पिशवी तेवढी परत मिळाली. जोसायानं तीत आपले रक्ताळलेले हातमोजे टाकले.

हॅटीजवळ बसलेली पुतणी लिंडा दाराशी आली. सगळं ऐकून कुजबुजली, "काका, नुसतं 'हो' म्हणायचं होतं! वकिलाला फोन करते. महिन्याभरात मांस परत आणू."

"महिन्याभरात," जोसाया म्हणाला.

आतून हॅटीचा आवाज आला. "पिशवी टेकल्याचं ऐकलं मी, म्हाताऱ्या. आण इकडे."

त्यानं पिशवी अंथरुणाशी ठेवली. "नुसत्या पाऊलखुणा," तो म्हणाला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्या शब्दांत लपवून ठेवलेलं काही नव्हतं.

हॅटी हसली. "लिंडा, मोठं पातेलं चढव गं."

लिंडानं काकाकडे पाहिलं आणि पाणी चढवलं.

हॅटीचा हात पिशवीत गेला. बराच वेळ तिथंच राहिला. मग तिनं हातमोजा बाहेर काढून नाकाशी धरला.

"चांगलं लठ्ठ होतं रे," ती म्हणाली.

पातेल्यात पाणी उकळत राहिलं. ते उतरवायला कुणी उठलं नाही.