लोकेशनं पाणी मागितलं तेव्हा

पांडुरंग ठवकरांना प्रश्न विचारायची खोडच. रायपूरच्या रेल्वे वॅगन कारखान्यात फिटर होते तेव्हा साहेबसुद्धा त्यांना टाळायचे. निवृत्तीनंतर सगळे प्रश्न मुलीच्या, देवश्रीच्या, वाट्याला आले. ती नवा रायपूरला सरकारी नोकरीत. एका रविवारी तिनं त्यांना लढाईचा सिनेमा पाहायला नेलं.

पडद्यावर दोन मित्र खंदकात अडकले होते. एकाच्या पोटात गोळी. तो पाणी मागत होता आणि दुसरा रडत रडत नाही म्हणत होता. आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते. पांडुरंग मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"पाणी काहून देऊन नाही राहिला तो?"

"बाबा, पिक्चर देखो ना," देवश्री कुजबुजली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बीरगावला शालिग्रामकडे पोचले. शालिग्राम फौजेतून सुटून कारखान्यात लागला होता. सोळा वर्षं दोघांनी एका बाकावर डबा खाल्ला, पण लढाईचं तेवढं पांडुरंगांनी कधी काढलं नव्हतं. आज काढलं.

"पोटात गोळी असली तर देऊ नये म्हणतात," शालिग्राम म्हणाला. हातातला चहा त्यानं खाली ठेवला. "मी देल्लं होतं. लोकेशले. राजनांदगावचा होता, माह्याच तुकडीत. दहा मिनिटांत गेला."

"पाण्यानंच गेला?"

"डॉक्टर म्हणे, तसाही वाचला नसता. मले कधी पटलं नाही."

दुसरा कोणी इथं गप्प बसला असता.

"पाणी पिऊन तो काय म्हणे?"

शालिग्राम चमकला. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. मग त्याला हसूच फुटलं. "म्हणे, साल्या, बाटलीले रॉकेलचा वास येऊन राहिला."

"त्याच्या घरी सांगतलं हे?"

"बहीण हाये, माया. कोन्त्या तोंडानं सांगू?"

"ह्याच. मी येतो संगं."

शनिवारी दोघं पॅसेंजरनं राजनांदगावला गेले. शालिग्रामनं मान खाली घालून सगळं सांगितलं. रॉकेलचं आलं तशी माया एकदम हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"घर में दूध भी सूंघके पीता था वो." मग तिनं विचारलं, "भैया, पानी पेटभर पिया था ना?"

"हव, पोटभर," शालिग्राम म्हणाला.