सेक्रेटरी निवडून आला

कुणाच्याही घरी गेलं की आतून खुर्ची येईपर्यंत आमचा सेक्रेटरी फरशीवर मांडी घालून बसलेला असायचा, आणि खुर्ची आणणाऱ्या बाईलाच तिच्या माहेरची खबर विचारत असायचा. शहराच्या पूर्व भागातल्या विणकराशी तेलुगू, ट्रकवाल्या चाचांशी दखनी उर्दू, कर्नाटक सीमेवरच्या दुधनीहून आलेल्या पाहुण्याशी कन्नड. त्याच्यासोबत गेलं की मला मराठीसुद्धा बेताचीच येते असं वाटायचं.

आम्ही एकाच मैदानावर खो-खो खेळलो. मी खांबावरून सूर मारला की शिट्ट्या पडायच्या. तो बहुतेक वेळा राखीव खेळाडूंत बसलेला असायचा. तरी जिल्हा संघटनेचा सेक्रेटरी तो झाला आणि मी प्रशिक्षकच राहिलो. मुली घडवायचो मी. त्या जिंकून आल्या की त्यांच्या आया पहिला पेढा ठेवायच्या त्याच्या हातावर. एकदा मी हे चेष्टेच्या सुरात बोलून दाखवलं, तर म्हणाला, "मास्तर, पोरी काय मैदानात उगवत न्हाईत. घरातनं आणाव्या लागत्यात." उत्तर बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा एका पक्षाची माणसं माझ्या घरी आली. उमेदवार म्हणून मैदानावरचा माणूस हवा, असं कुणीतरी आधी माझ्या कानावर घातलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. बायकोनं चहाबरोबर चिवडाही आणला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांच्यातला वयस्कर गृहस्थ पुढे सरकला. "तुमच्या सेक्रेटरीला उभं करावं म्हणतोय. तुम्ही जवळचे. खरं सांगा, येईल का निवडून?"

माझ्या एका शब्दावर त्याचं तिकीट कापलं गेलं असतं. 'माणूस चांगला आहे, पण...' एवढं म्हणून गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. तो 'पण' माझ्या जिभेवर आलाही होता.

"येईल," मी म्हणालो. "पडायचाच नाही तो."

ते गेल्यावर बायकोनं चिवड्याची बशी तेवढी आत नेली.

आणि तो पडला नाहीच. गुलालानं माखलेल्या मिरवणुकीत माझ्याच मुली त्याच्यापुढे नाचत होत्या. त्यानं गर्दीतून मला ओढून जीपवर घेतलं. लोक खालून त्याच्याकडे बघत होते. मी शेजारी उभा राहून हात कुठे ठेवावा, याचा विचार करत होतो.

नगरसेवक झाल्यावर त्यानं सेक्रेटरीपद सोडलं आणि माझंच नाव सुचवलं. मी सेक्रेटरी झालो; मैदान आता आपलं, असं वाटलं. थोड्याच दिवसांत श्रावणी यायची थांबली. माझी सगळ्यात चपळ मुलगी. मी पूर्व भागात तिच्या घरी गेलो. यंत्रमागाच्या खडखडाटात तिचे वडील म्हणाले, "बास झाला की खेळ. गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला लावतोय तिला." मी तिच्या वेगाबद्दल बोललो, राज्य स्पर्धेबद्दल बोललो. ते नकारार्थी मान हलवत राहिले. श्रावणी दाराआड उभी होती. शेवटी बाहेर येऊन मी आमच्या नगरसेवकाला फोन केला.

सभा सोडून तो आला. "बागुन्नारा?" अशी तेलुगूत खुशाली विचारत फरशीवर बसला. त्यांच्या तेलुगूतला एकही शब्द मला कळेना. मध्येच वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. थोड्या वेळानं माग बंद करून त्यांनी मुलीला बाहेर बोलावलं. "जा उद्यापासून."

गल्लीत आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"काय न्हाय. म्हटलं, मला या मास्तरांसारखा शिकवणारा भेटला असता, तर मी खेळाडू झालो असतो की! नगरसेवक कशाला झालो असतो?"

हसत त्यानं गाडीला किक मारली आणि गेला. असलं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं. घर येईपर्यंत मी त्याच्यावर जळत होतो.