यमुनामावशींचे गुडघे आणि तीन महिन्यांची मुदत

आमच्या कसब्यातल्या गल्लीत यमुनामावशी चालत आल्या, की त्यांच्याआधी त्यांचे गुडघे येतात. एक उजवीकडून, एक डावीकडून. दोन्हींच्या मधून मांजर शेपटी ताठ ठेवून आरामात जातं. हे मी स्वतः पाहिलेलं आहे आणि गल्लीभर सांगितलेलंही आहे. मावशींच्या कानावर गेलं तेव्हा त्या दुकानातूनच ओरडल्या, "दत्तप्रसाद, इथून मांजर तरी जातं. तुझ्या दुकानात काय जातं रे?"

त्यांच्या दुकानासमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, आणि मावशींचा प्रश्न रास्त होता. गिऱ्हाईक नसल्यामुळे मला समोर बघायला भरपूर वेळ मिळतो. पुढे जे लिहितोय, ती त्याच वेळाची कमाई समजा.

मावशी बुरूडकाम करतात. सुपं, दुरड्या, रोवळ्या, परड्या. लग्न होऊन या गल्लीत आल्या तेव्हा अठराच्या होत्या, आता चौसष्ट. मधली सगळी वर्षं त्या दुकानाच्या फरशीवर बसलेल्या आहेत. एक पाय मुडपलेला, दुसरा पुढे, आणि त्या पुढच्या पायाच्या अंगठ्याखाली बांबूची पट्टी दाबलेली. दोन हात विणतात आणि अंगठा धरून ठेवतो. बुरुडाला तीन हात असतात, असं त्या सांगतात. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली. चौथ्या दिवशी त्या परत त्याच फरशीवर बसलेल्या मी पाहिल्या. "घरी बसून भिंतीला काय विणू?" म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. दुकानावरच दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, जिना अडतीस पायऱ्यांचा. संध्याकाळी त्या एकेक पायरी चढायच्या आणि प्रत्येक पायरीला एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायच्या. नावं प्रेमाने घेतलेली नव्हती. बांबू आणायलाही त्या जाईनाशा झाल्या. वखारीतून फोनवर मागवायच्या, आणि वखारवाला काय पाठवतो ते बघून पुन्हा नातेवाईक सुरू करायच्या.

त्यांचा मुलगा संतोष कर्वेनगरला राहतो. मुलगा चांगला आहे, एवढंच की काळजी करायला लागला की ऐकून घेणं थांबवतो. तो आईला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, पायांचा बाक मुळातलाच आहे, त्यात ही बैठक. सगळं वजन गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतं आणि तिथली गादी झिजत आलीय. शस्त्रक्रिया करता येईल, पण अजून घाई नाही. तीन महिने व्यायाम वगैरे करून बघा.

संतोषने नेमकं "शस्त्रक्रिया" तेवढंच ऐकलं. त्या दिवशी दुकानात मायलेकांची जुंपली ती मी वह्यांचा गठ्ठा मोजत, म्हणजे कान टवकारून, ऐकली.

"आई, एकदाचं ऑपरेशन करून टाकू आणि तू आमच्याकडे चल. लिफ्ट आहे, बाग आहे."

"बागेत काय करू?"

"बसायचं."

"इथे बसलेच आहे की."

"इथे बसूनच पायांचं हे झालंय! दुकान बंद करायचं, बस."

मावशी गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की मला भीती वाटते, कारण मग पुढचं बोलणं महाग पडतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डॉक्टर तीन महिने म्हणालेत. तीन महिन्यांत मला बरं वाटलं नाही, तर तू म्हणशील तिथे ऑपरेशन आणि म्हणशील त्या बागेत बसेन. बरं वाटलं, तर दुकानाचं नाव काढायचं नाही."

संक्रांतीचा दुसरा दिवस होता. संतोषने मोबाइलमध्ये तारीख टाकून घेतली.

व्यायाम शिकवणारी ऋतुजा नावाची मुलगी आमच्याच पेठेत बसते. तिच्या दवाखान्याची पाटी वाचण्यासारखी आहे : "गुडघेदुखी, कंबरदुखी. पहिला मजला. लिफ्ट नाही. जिना हळू चढावा." मावशींनी पाटी वाचली आणि म्हणाल्या, "हिला धंदा कळतो."

ऋतुजाने त्यांना पलंगावर झोपवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबून दहा आकडे मोजायला लावले. मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा. मग कुशीवर वळून बाजूला उचलायचा. चपलेत घालायला एक पातळ गादी दिली, बाहेरच्या कडेला जराशी जाड, म्हणजे पाऊल टेकताना वजन गुडघ्याच्या आतून थोडं बाहेर सरकतं. चालताना बांधायला पट्टा दिला. वजन पाच किलो कमी करा म्हणाली. आणि शेवटी सांगितलं, "जमिनीवर बसायचं नाही."

"मग काम?"

"खुर्चीवर."

मावशी हसल्या. घोड्याला कोणी सायकलवर बसायला सांगितलं तर तो तसाच हसेल.

पण व्यायाम त्या मनापासून करायला लागल्या. सकाळी दुकान उघडायच्या आधी "आठ, नऊ, दहा" असं गल्लीत ऐकू यायचं. मी खालून "अकरा" म्हणायचो, की वरून पाण्याचा तांब्या रिकामा व्हायचा. सगळं छान चाललं होतं. दहाव्या दिवशी मात्र मावशींच्या डोक्यात बुरूड जागा झाला.

दुपारची वेळ. समोरून हाक आली, "दत्तू, इकडे ये. हसायचं नाही."

मी गेलो. मावशी पलंगडीवर पाय लांब करून बसलेल्या. दोन्ही गुडघ्यांना तेल चोळलेलं, वर गरम पाण्याची पिशवी. पायांच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या फाका लावलेल्या, आणि घोट्यापासून मांडीपर्यंत सुतळीने असं आवळलेलं, की ती गाठ फक्त बुरूडच मारू शकतो. बाहेर एक बाई सूप घ्यायला खोळंबली होती आणि मावशींना उठता येत नव्हतं.

"हे काय आहे?"

"बाकदार बांबू सरळ कसा करतात? तेल लावायचं, शेक द्यायचा, उलट्या बाजूने दाबायचं आणि बांधून ठेवायचं. ती पोरगी नुसता दुखण्याचा विचार करतेय. बाकाकडे कोण बघणार?"

हसायचं नाही असं ठरलं होतं म्हणून मी बाहेर जाऊन हसून आलो आणि मग गाठी सोडायला बसलो. पंचवीस मिनिटं लागली. गिऱ्हाईक बाईनेही मदत केली आणि सूप न घेता गेली. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा सुजला. नव्वदांतले बारा दिवस वाया गेले, आणि त्या बारा दिवसांत मावशींनी माझ्याशी एकही भांडण केलं नाही. तेव्हा मला कळलं की त्या घाबरल्यात.

ऋतुजा घरी आली. आधी गुडघा बघितला, मग कोपऱ्यातल्या फाका बघितल्या.

"मावशी, हाड म्हणजे बांबू नाही."

"बांबू तरी ऐकतो."

"लहान मुलांचं हाड वाढत असतं, तिथे काही करता येतं. तुमचं वाढणं कधीच संपलंय. व्यायामाने नाही, पट्ट्याने नाही, बांधून तर नाहीच नाही, हा बाक जाणार नाही. जाईल म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका."

"म्हणजे वाकडेच राहणार?"

"वाकडेच. मांडीत ताकद आली, वजन उतरलं, तर दुखणं कमी होऊ शकतं. शब्द देत नाही."

मावशी बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या. मला काहीतरी विनोद करायचा होता, पण सापडला नाही. मग त्या म्हणाल्या, "शब्द देत नाही म्हणालीस, हे बरं केलंस. पाय कोणाला दाखवायचेत मला! सांग, परत कुठून सुरू करू?"

ती गुंडाळी परत गुडघ्याखाली आली. पण खरी लढाई खाली दुकानात होती. टेबल आलं, खुर्ची आली, आणि तिसरा हात गेला. अंगठ्याशिवाय पट्टी धरणार कोण? पहिल्या दिवशी त्यांनी चक्क पाय टेबलावर ठेवून बघितला. रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं ते वेगळंच. मग दगड ठेवून बघितला, पट्टी निसटली. सुताराकडचा शिकंजा लावून बघितला, पट्टी चिरली. पहिलं सूप झालं ते एका बाजूला कलंडलेलं. एका गिऱ्हाइकाला ते आवडलं होतं. मावशींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "नेऊ नका. तांदूळ पाखडायला बसाल आणि मला शिव्या द्याल."

अशी चौदा सुपं त्यांनी विणली आणि चौदाही उसवली. सेहेचाळीस वर्षं ज्या कामात गल्लीत कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, त्या कामात त्या पहिलीच्या पोरीसारख्या बसल्या होत्या. मी त्यांना पन्नास गोष्टींवरून चिडवतो, पण त्या दिवसांत त्या टेबलाकडे बघताना माझी जीभ आपोआप आत जायची. माझ्या वयाला मला नवीन मोबाइल शिकायचा कंटाळा येतो, आणि ही बाई स्वतःचे हात नव्याने शिकत होती.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. टेबलाच्या कडेला लाकडी फळी ठोकली, तिला खाच पाडली, खाचेत सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला आणि वरून पाचर. पट्टी घट्ट बसते, चिरत नाही, पाचर कोपराने ढकलली की सुटते. मार्च उजाडला तेव्हा पंधरावं सूप झालं. त्यांनी ते माझ्या दुकानात आणून ठेवलं. मी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणालो, "जरा बरं आहे." त्या इतक्या खूश झाल्या की मला चहा पाजला. स्वतःचा बिनसाखरेचा प्यायल्या आणि माझ्यातल्या साखरेकडे बघत राहिल्या.

मुदतीचा दिवस रविवार होता. संतोष आणि त्याची बायको दीपमाला सकाळी दहाला आले. दुकानाला कुलूप. वर घराला कुलूप. फोन आतच वाजत होता.

"काका, आई कुठे?" संतोष माझ्याकडे आला.

मला खरंच माहीत नव्हतं, आणि मला माहीत नसणं ही गल्लीत बातमी आहे. दीपमाला म्हणाली, "त्या घाबरून कुठे गेल्या तर नसतील?" अर्ध्या तासात ऋतुजाचा जिना बघून आलो, देऊळ बघून आलो.

आणि अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी ते दोन गुडघे दिसले. एक उजवीकडून, एक डावीकडून. मागे हातगाडी, गाडीवर आठ लांब हिरवे बांबू.

"कुठे होतीस?"

"भवानी पेठेत. वखारीत."

"रिक्षाने?"

"जाताना चालत. येताना गाडीवाल्याबरोबर चालत. मध्ये दोनदा बसले. दोन वर्षं तो वखारवाला मला किडका माल पाठवतोय, आज एकेक बांबू ठोकून घेतला. त्याचं तोंड बघायला हवं होतंस."

संतोष त्यांच्या पायांकडे बघत म्हणाला, "पण आई, पाय तर तसेच आहेत."

"तसेच राहणार. विचार तिला."

दुपारी सगळे ऋतुजाकडे गेले. मीही गेलो, कोणी बोलावलं नव्हतं. मावशी हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठल्या. दुखणं दहापैकी किती, असं ऋतुजाने विचारलं. जानेवारीत आठ होतं. मावशी म्हणाल्या, "तीन. जिना उतरताना चार." ऋतुजा संतोषला म्हणाली, "डॉक्टरांना दाखवून घ्या, पण मला वाटतं आता ऑपरेशनची गरज नाही. पुढे कधी लागेलही. व्यायाम मात्र सोडायचा नाही."

दुकानापाशी आलो तेव्हा गाडीवाला बांबू रस्त्यात टाकून गेला होता. मावशींनी कुलूप उघडलं, खुर्चीवर बसल्या आणि लेकाकडे बघितलं.

"उभा काय राहिलास? आत घे ना. आणि वाकून नको उचलू, गुडघे मुडपून उचल. कमरेची वाट लागेल नाहीतर."

संतोषने शर्टाच्या बाह्या वर केल्या.