माझी ओळख सांगणारा वर्ग

मेहकरकडच्या एका आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. स्वभाव तापट. 'यस सर'पलीकडे कुणी तोंड उघडेना, कंपनीच्या मुलाखती तर तोंडावर आलेल्या. एक दिवस भडकलोच. "उद्यापासून मी वर्गात येणार नाही. काय शिकायचं, कसं शिकायचं, तुमचं तुम्ही ठरवा. मुलाखतीत मी काही तुमच्या तोंडून बोलणार नाही!"

आठवडाभर खरंच गेलो नाही. स्टाफरूममध्ये चहा पीत स्वतःवर खूश होतो.

एका दुपारी लाइट गेली. उन्हाच्या झळा नकोत म्हणून वर्गाच्या खिडक्या लावलेल्या. व्हरांड्यातून जाताना आतून कुणीतरी शिकवताना ऐकू आलं आणि मी जागीच थबकलो. आवाज बारीक, पण सूर माझा. वाक्याआधीचं खाकरणंसुद्धा माझंच. मागोमाग सगळा वर्ग तेच वाक्य एका दमात म्हणायचा.

ही वर्कशॉपची रीत. एकानं 'लाइन बंद' म्हणायचं, सगळ्यांनी तेच म्हणायचं, मगच तारेला हात लावायचा. पोरांनी इंग्रजीलाही तीच लावली होती.

"आय हॅड वन ब्रदर," आतला सूर म्हणाला. वर्ग म्हणाला.

"ही फेल इन द वेल." वर्ग म्हणाला.

"आय वॉज विथ हिम."

लहानपणी माझा धाकटा भाऊ शेतातल्या विहिरीत पडून गेला. भूतकाळ शिकवताना एकदाच, ओघात, हीच वाक्यं तोंडून निघाली होती. आता काळोख्या खोलीत तीसेक तोंडं तो मृत्यू पाढ्यासारखा घोकत होती.

मी दार ढकललं. फळ्यापाशी डोणगावकडची मुलगी उभी होती, वर्गातली एकटीच मुलगी. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीसाठी तिची व्हिडिओवर मुलाखत होती. घरच्यांनी ही एकच संधी दिली होती. हुकली की तारा-पक्कड सोडून घरी बसायचं.

"हे माह्यं हाय! तुह्यं काऊन नाई सांगत?" रागात माझी पुस्तकी भाषा गळून पडली.

"सर, इंग्रजीत मले माह्यं काईच येत नाई," ती म्हणाली. "तुमचंच येते."

मी तिला चार वाक्यं लिहून दिली असती, तर तीही माझीच झाली असती. म्हणून दिली नाहीत. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

मुलाखतीला मी कोपऱ्यात उभा होतो. मला बोलायची मनाई. पडद्यावरच्या साहेबांनी घरच्यांबद्दल विचारलं. ती माझ्यासारखी खाकरली.

"आय हॅड वन ब्रदर."

ती थांबली. साहेब वाट बघत राहिले. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, मी दातावर दात दाबून धरले.

"नो सर," ती म्हणाली. "माय ब्रदर लिव्हिंग. ऑटो ड्रायव्हर. टुडे ही ब्रिंग मी. नाऊ ही स्टँडिंग गेट."

साहेब हसले. पुढचंही ती अडखळत, पण स्वतःचंच सांगत गेली. यथावकाश ती पुण्याला रुजू झाली, मला फार आनंद झाला.

पण मुलाखतीच्या त्या क्षणी मला नोकरीचं भानच नव्हतं. सूर अजून माझाच होता. माझ्याच सुरात कुणीतरी सांगत होतं की भाऊ जिवंत आहे, गेटवर उभा आहे. गेटकडची खिडकी हाताच्या अंतरावर होती. बाहेर बघायचा मला धीर झाला नाही.