पंगत उपाशी, तर चूल बघा

काहीही बिघडलं की शरणप्पाअण्णा आधी त्याच्या शेजारच्या वस्तूकडे बघत. पंखा थांबला की म्हणत, "दिवा लागतोय का बघा." हुलसूरच्या आमच्या कॉलेजात ते शिपाई होते आणि मी संगणकाचा मास्तर, म्हणजे घरात ज्याच्या हाती टीव्हीचा रिमोटही देत नाहीत, असा तज्ज्ञ.

आमच्या प्रयोगशाळेतल्या वीस संगणकांना, म्हणजे आमच्या डब्यांना, स्वतःची डिस्क नव्हती. सुरू व्हायला लागणारं त्यांचं लिनक्स कपाटातल्या एकाच साठवणपेटीतून, तारेवरून यायचं. "मठातल्या दासोहाच्या पंगतीवानी हाय की," अण्णा म्हणत, "चूल एक, जेवणारे वीस."

खंडेनवमीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कलबुर्गीहून परीक्षक दहाला येणार. नऊ वाजले तरी एकही डबा सुरू होईना. पडद्यावर चार ओळी उमटत आणि सगळं थांबे. परीक्षा हुकली तर पोरींचं सत्र जाणार. दोघींची लग्नं ठरलेली. सासरहून त्यांना परत कोण पाठवतंय? घामाघूम होऊन मी सातव्या डब्याची मेमरी काढून खोडरबरानं घासत होतो.

अण्णांनी रांगेवरून नजर फिरवली. "सर, एकेकाची पत्रावळ कामून उलटी करायलाव? एकटा उपाशी असंल तर त्याचं ताट बघावं. हितं समदी पंगतच उपाशी हाय. चुलीकडं चला."

कपाट उघडलं. झेंडूचा हार घालून, हळदीकुंकू ल्यालेली साठवणपेटी बसली होती. तिची तार शेजारी नीट गुंडाळून ठेवलेली. पूजेच्या दिवशी ती मीच काढली होती. फोटोत मधे येत होती.

अण्णांनी तार खोचली. तेरा पडदे उजळले. उरलेले सात मी दुरुस्त केलेले होते.

परीक्षक आले ते उघडे डबे बघूनच भडकले. "हा कुणाचा उद्योग?"

"माजा, साहेब," अण्णा म्हणाले. "झाडताना तार निघाली, म्हून डबे उघडाय लागले."

त्यांनी शिव्या खाल्ल्या, मी मान खाली घातली. पोरींनी पाळीपाळीनं परीक्षा दिली. संध्याकाळी कुलूप लावताना अण्णांनी एवढंच विचारलं, "फोटू तरी ब्येस आला का सर?"

त्यांच्या निवृत्तीच्या जेवणाला मी वाढता वाढता एका हाती माईक घेतला आणि ती तार मीच काढली होती, हे सगळ्यांदेखत कबूल केलं. भाषण लांबलं.

"सर," अण्णा हळूच म्हणाले, "पंगत उपाशी हाय."

मी रागानं आचाऱ्याच्या चुलीकडे बघितलं.

"तिकडं न्हाई."

गव्हाच्या हुग्गीची बादली माझ्याच हातात होती.