आधी खोड सांग

मामा आपल्यासमोर येऊन बसले की खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, आपल्या हातावर टाकायचे आणि तिच्याखाली आपली बोटं धरायचे. "बोल, पगार किती पाहिजे?" आपण बोटं पुढे करायची. मामा त्यातलं एक बोट हळूच मिटवून टाकायचे आणि म्हणायचे, "आता ठीक हाय. आधी खोड सांग."

नांदेडच्या आमच्या गल्लीत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांची उमर बैलबाजारात गेली होती. उमरीपासून देगलूरपर्यंतच्या बाजारांत ते दलाल होते. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत, कापडाखाली बोटं धरून ठरवतात, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. पुढे ट्रॅक्टर आले, बाजार ओसरले आणि मामांच्या दस्तीला काम उरलं नाही. तेव्हा त्यांनी गल्लीतली बेकार पोरं विकायला काढली. 'विकायला' हा शब्द त्यांचाच.

कुणी नोकरीचा अर्ज लिहायला बसलं की त्यांना वास यायचा. माझ्या वेळीही आले आणि मला अर्ज मोठ्याने वाचायला लावला. तुम्ही-आम्ही सगळे लिहितो तेच मी लिहिलं होतं. मी मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर आणि जबाबदार आहे.

"शिंगं रंगवून राहिलीस," मामा म्हणाले. "बाजारात समद्याच बैलांची शिंगं रंगवलेली असत्यात. गिऱ्हाईक तिकडं बघत बी न्हाई."

"मग काय लिहू?"

"आधी खोड सांग. खोड सांगणाऱ्याचं बाकीचं खरं वाटतं."

मोबाईलवर वाचलेलं एक उत्तर माझ्याकडे तयार होतं. "मी कामात फारच गुंतून जाते."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बैल लई काम करतो, ही त्याची खोड!" त्यांनी माझ्या आईला आतून बोलावून हे पुन्हा ऐकवलं. आईने लगेच माझी खरी खोड पुरवली. "हिचा आवाज. इथं बोलली की मुदखेडात ऐकू जातं."

मला राग आला, पण मामा सावरून बसले होते. त्यांना गिऱ्हाईक दिसलं होतं. "ह्या आवाजाचं काय केलंस आजवर?"

"काही नाही. दिवाळीत आपल्या गल्लीतल्या गिरणीवर भाजणीच्या डब्यांची रांग लावते, तेवढंच."

"डबा कुनाचा कुनाला गेला का कधी?"

"नाही."

"भांडणं?"

"माझ्यासमोर कोण भांडणार?"

"लिही," मामा म्हणाले.

मी ते जसंच्या तसं लिहिलं आणि एका खाजगी दवाखान्यात काउंटरवरच्या जागेसाठी पाठवलं. तिथले मॅनेजर साहेब 'माझा आवाज मोठा आहे' ही पहिली ओळ वाचून हसले आणि मग बराच वेळ मला गिरणीबद्दलच विचारत राहिले. मी नोकरीला लागले. मामांनी गल्लीभर सांगितलं, "आपला बैल गेला चांगल्या भावात." निदान गाय तरी म्हणा, असं मी सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

त्यांचे सगळेच सौदे जमत नसत. शेजारच्या एकाने दूध डेअरीच्या अर्जात 'मला पहाटे जाग येत नाही' असं इमानदारीने लिहिलं. डेअरीने उत्तरसुद्धा दिलं नाही. त्याची आई भांडायला आली तर मामा म्हणाले, "बरं झालं. चार दिसांत आणून दारात बांधला असता त्यांनी. इकलेला बैल परत आला की दलालाचं तोंड काळं."

आणि मग एक दिवस मामाच माझ्यासमोर येऊन बसले. दस्ती खांद्यावरच होती.

मामी जाऊन वर्ष उलटलं होतं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने निक्षून सांगितलं होतं की काही काम असेल तर राहा तिकडे, नुसतं एकटं बसायचं असेल तर मी घेऊन जाणार. पुणं मामांना नको होतं. आमच्या दवाखान्यात गेटवर माणूस हवा आहे, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

"माझा अर्ज लिही," ते म्हणाले. "सारी उमर जनावर पारखलं. मानूस तर सोपा असतो. त्याला दोनच पाय."

मी तेही लिहिलं. मग विचारलं, "मामा, खोड?"

"मला खोड न्हाई."

मामा कायम डावी बाजू भिंतीला लावून बसतात हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, "शिंगं रंगवून राहिलात." ते ताडकन उठून गेले. थोड्या वेळाने परत आले. "लिही. पर शेवटी लिही. बारीक अक्षरात."

मुलाखतीला मामा धुवट धोतर, पटका आणि कोरलेल्या मिशा अशा थाटात आले. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं आणि माझं काउंटर समोरच, त्यामुळे सगळं मला दिसत होतं. साहेब खुशीत होते. त्यांनी पगाराचं विचारलं आणि मामांनी दस्ती काढून सरळ साहेबांच्या हातावर टाकली. साहेब दचकले, मग त्यांना गंमत वाटली. दस्तीखाली बरीच चुळबुळ झाली. "चला, ठरलं," साहेब हसत म्हणाले. "उद्यापासून या."

मला टाळी वाजवावीशी वाटली. पण मामा उठेनात.

"साहेब, खालची बारीक वळ वाचली का?"

"कोणती?"

"डावा कान गेलाय माझा. गाडी वाजली तर ऐकू येती, पर कुन्या अंगानं आली ते कळत न्हाई."

आमचं गेट वळणावर आहे. ॲम्ब्युलन्स दोन्हीकडून येतात. साहेबांनी दस्तीखालून हात हळूच काढून घेतला.

बाहेर आल्यावर मी मामांवर चिडले. माझा तो सुप्रसिद्ध आवाज अख्ख्या दवाखान्याने ऐकला. "त्यांनी वाचलं नव्हतं ना? मग कशाला सांगायचं?"

"बैल परत आला असता, पोरी," मामा म्हणाले. "अन् तो बी कुनाचा तरी जीव घिऊन."

आता मामा पुण्यात आहेत. फोन करतात, उजव्या कानाला लावून. सोसायटीतल्या एका इंजिनियरचा अर्ज त्यांनी म्हणे परवा ऐकला. "चार पानं, अन् खोड एक न्हाई! अशा जनावराला मी हात बी लावत न्हाई." मी हसते, आणि फोन ठेवल्यावर मला त्यांची फार आठवण येते.

पुण्याला जाण्याच्या दिवशी त्यांचा मुलगा गाडीत सामान भरत होता. मामांनी मला जवळ बोलावलं, हातावर दस्ती टाकली आणि विचारलं, "बोल, किती दिसांनी येऊ परत?" मी पाचही बोटं पुढे केली. कशाची पाच ते मलाही ठाऊक नव्हतं. मामांनी ती सगळी मुठीत धरली, धरून ठेवली. मी वाट पाहत होते, पण त्या दिवशी त्यांनी एकही बोट मिटवलं नाही.