उजव्या कानातली धडधड

माझ्या कानात गाठ झाली आणि मी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाविरुद्ध तीन तक्रारअर्ज दिले.

मनवेलपाड्यातली आमची इमारत, तळमजल्याला पंप आणि माझ्या उजव्या कानात अखंड धडधड. पुरावा आणखी कसला हवा? सेक्रेटरीने एका दुपारी माझ्यासमोर पंप बंद केला. धडधड चालूच. शहाण्याने इथे गप्प बसावं. मी म्हणालो, "म्हणजे शेजारच्या विंगचाही बिघडलाय."

चौथा अर्ज लिहायला बसलो, तेव्हा बायकोने माझं मनगट धरलं. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"धडधड होईल तशी टेबलावर टिचकी मारा."

मी मारत राहिलो. तिची बोटं माझ्या नाडीवर होती. मिनिटभराने म्हणाली, "दोन्ही एकाच तालात आहेत. अर्ज ठेवा, कान दाखवा."

कानाच्या डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. पडद्यामागे लालभडक ठिपका, नाडीबरोबर थडथडणारा. मी फोनवर चार पानं वाचून गेलो होतो, त्यामुळे त्यांना शिकवणं भागच होतं.

"तुकडा काढून तपासायला पाठवा ना."

"नको तिथे डोकं चालवू नका. रक्तवाहिन्यांची गाठ वाटते. टोचली तर रक्त आवरणार नाही. आधी स्कॅन."

स्कॅन पाहून त्या म्हणाल्या, "ग्लोमस. कॅन्सर नाही, पण वाढत राहते. आतल्या बारीक हाडांना वेढलं की ऐकणं जाईल. थोडं गेलंच आहे. लहान आहे तोवर काढू. अशी केस क्वचितच बघायला मिळते."

मी नेमकं शेवटचं वाक्य उचललं. दोन महिने फाइल काखोटीला मारून हिंडलो. ऑफिसात, लग्नाच्या मांडवात, चांदीपला सासुरवाडीच्या ओटीवर, जिथे उजेड दिसेल तिथे स्कॅनची फिल्म वर धरली. 'आणखी एक मत' म्हणून तीन डॉक्टर केले. मत सगळ्यांचं एकच, मला फक्त 'दुर्मिळ' पुन्हा ऐकायचं होतं. तेही डाव्या कानाने, कारण उजव्याला लावलेल्या फोनवर माणसं आता पुटपुटायला लागली होती. ऑपरेशनला मी घाबरतो, हे मात्र कुणालाच दाखवलं नाही.

शेवटी बायकोने संमतीचा कागद पुढे ठेवला, त्यावर पेन.

"अगं, अशी केस क्वचितच..."

"गाठ दुर्मिळ आहे. तुमच्यासारखे ढिगाने मिळतात. सही करा."